मोकळी वावरे येथे

मार्च उजाडला की आमच्या इमारतीच्या डक्टमधून व्याकरण वर यायला लागतं. एरवी त्या डक्टमधून फोडणीचा वास येतो, कोणाच्या तरी गिझरचं पाणी ठिबकतं, कोणाचं तरी कोणाशी तरी वाजलेलं ऐकू येतं. पण दहावीची परीक्षा तोंडावर आली की आठव्या मजल्यावरची श्रावणी मोरीच्या खिडकीशी स्टूल टाकून बसते आणि घोकत सुटते. दोन खोल्यांचं घर, बाहेर टीव्ही, शिफ्ट करून आलेले वडील झोपलेले. बिचारीला तेवढीच जागा. "श्लेष. एकच शब्द दोन अर्थांनी योजल्यामुळे..." एवढं म्हणते आणि अडते. पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग म्हणते, "उदाहरण... उदाहरण..." आणि गप्प होते. मी वर कान लावून बसलेली असते. मेलं उदाहरण माझ्या जिभेवर असतं.

मी नवव्या मजल्यावर राहते, पुनावळ्यात. वय चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही संपावर. मुलगा म्हणतो, "आई, एकटी खाली जाऊ नकोस हं, लिफ्टचा भरवसा नाही." सून म्हणते, "काय हवं ते फोनवर मागवू की!" मुलं गुणी आहेत, त्यांना बोल लावायचा नाही. पण खिडकीला जाळी, गॅलरीला जाळी, दाराला आणखी एक जाळीचं दार. कबुतरांसाठी लावली म्हणे. कबुतरं बाहेर मजेत आहेत, जाळीच्या आत मी आहे.

तेहतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. उपमा, रूपक, श्लेष, सगळं मुलांच्या गळी उतरवलं. पण खरं सांगते, अलंकार मला फळ्यावर कळले नाहीत. एका पत्र्यावरच्या एका ओळीनं मला पंधराव्या वर्षी घरात कोंडलं, त्याच ओळीनं बाहेर काढलं, आणि तिचा अर्थ सांगताना मी जे केलं ते अजून माझ्या घशात आहे. दर मार्चला ते वर येतं.

सत्तर वर्षं झाली असतील. आमचं गाव पिंपरीच्या अंगाला, पवनेच्या काठी. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तिथं आता नुसते गेट नंबर आहेत. आमच्याकडे 'शेत' हा शब्द पुस्तकात असायचा. घरात वावर. चिंचेचं वावर, थोरलं वावर, नदीकडचं वावर. "आप्पा कुठं गेलं?" "वावरात." एवढ्यात सगळं यायचं. आप्पा म्हणजे माझे वडील. उंच, काळेभोर, कमी बोलणारे. वावरातून आले की अंगाला ओल्या मातीचा नि बैलाचा वास असायचा, आणि त्या वासानं घर भरल्यासारखं वाटायचं. ते न बोलता जेवायचे आणि आम्हाला त्यात काही कमी वाटत नसे.

मग कारखाना आला. आधी साहेब लोक दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून बघून गेले, मग चुन्याच्या रेघा आल्या, मग पौषात, हरभरा घाट्यावर असताना, थोरल्या वावराभोवती काटेरी तार आली. आई आणि मी घाईघाईनं हरभरा उपटला. कोवळा होता, हातांना पानांवरची आंबट आंब चढली, ओठांना लागली की चरचरायचं. तारेपलीकडं राहिला तो राहिला. जमिनीच्या बदल्यात जे मिळालं ते मिळालं, त्याचं पुराण इथं नको. पण आप्पा पहाटे उठून, नेहमीसारखी चादर खांद्यावर टाकून तारेपर्यंत जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे. आई विचारायची, "कुठं गेला व्हता?" ते म्हणायचे, "वावरात."

कारखान्याच्या पायाभरणीच्या वेळी सडकेच्या फाट्यावर एक भला मोठा पत्रा उभा केला होता. निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, आणि अक्षरांची कविता. पुण्याच्या कोणा साहेबांनी केलेली. खाली त्यांचं नाव बारीक अक्षरांत होतं, ते वर्षभरात उडून गेलं. कविता मात्र टिकली. मला अजून तोंडपाठ आहे:

जागा झाला माळ आळशी, उजाडली ही नवी पहाट,
लोखंडाचे हात पुढे अन् उद्याची ही रुंद वाट;
चिमणी गाईल गीत सुखाचे, धुरात दिसेल उद्याचा गाव,
मोकळी वावरे येथे लक्ष्मी, दारिद्र्याला न उरे ठाव!

आमचे लेले गुरुजी हुशार माणूस. चिंचवडला खोली घेऊन राहायचे, सायकलवर शाळेत यायचे, घामानं टोपीची कड काळी झालेली. सातवीच्या वर्गात आम्ही अकरा जण, त्यात मुलगी मी एकटी. पुस्तकं तीन. गुरुजींनी काय करावं? सगळा वर्ग उचलून त्या पत्र्यासमोर बाभळीखाली नेऊन बसवला. "हे बघा, सरकारनं फुकटात पुस्तक उभं केलंय. अख्खे अलंकार एका पत्र्यावर!" माळ जागा होतो, तो काय माणूस आहे? नाही. निर्जीवाला जिवंतपणा दिला, ही चेतनगुणोक्ती. चिमणी म्हणजे पाखरूही आणि धुराडंही, हा श्लेष. पहाट-वाट, गाव-ठाव, हे यमक. सडकेवरून ट्रक जायचा, धूळ उडायची, आम्ही डोळे मिटून घ्यायचो आणि धूळ बसली की पुढची ओळ.

शेवटच्या ओळीला त्यांनी मला उभं केलं. "लक्ष्मी, तुझ्या नावाची ओळ आहे. सांग अर्थ."

माझं नाव लक्ष्मी. मी ताठ उभी राहिले. पुस्तकी भाषेत 'घरं'ची 'घरे' होतात, 'झाडं'ची 'झाडे' होतात, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मग 'वावरं'चं काय होणार? मी खणखणीत सांगितलं, "इथं वावरं मोकळी पडली आहेत."

गुरुजी इतके हसले की सायकलचा आधार घ्यावा लागला. "अगं वेडाबाई! वावरणे. क्रियापद आहे ते. वावरे म्हणजे वावरते, फिरते. लक्ष्मी येथे मोकळेपणानं वावरते, म्हणजे भरभराट होते. वावर काय, वावर!" मग वर्ग हसला. दहाच्या दहा पोरांच्या घरी वावरं होती, त्यांतल्या सहांची तारेत गेली होती, आणि तीही हसली. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांना खरंच गंमत वाटली. मला म्हणाले, "तुझा आवाज चांगला आहे. म्हणताना 'येथे'पाशी थांब, श्वास घे, मग 'लक्ष्मी' म्हण. त्या थांबण्याला यती म्हणतात." मी मान डोलावली. कान तापले होते.

पण खरी पीडा पुढं होती. पोरांना ओळ सापडली ना! मी दिसले की पारावरून आवाज यायचा, "मोकळी वावरे लक्ष्मी!" आधी वर्गातली पोरं, मग थोराड पोरं, मग सडकेवरच्या चहाच्या टपरीवरचेही. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही म्हणायला लागले. पोरीच्या जातीला 'मोकळी वावरते' म्हटलं तर गावात त्याचा अर्थ काय होतो, ते सांगायला गुरुजी लागत नाहीत. माघात आमची आत्या आली, भोसरीला दिलेली. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता आप्पांना म्हणाली, "दादा, भोसरीपतूर ऐकलं मी. लोक म्हनत्यात तुझी लक्ष्मी मोकळी वावरती म्हून."

आप्पांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पत्रा दाखवला असता. ते एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं साळा बंद." आणि आत्यानं आणलेलं स्थळ, तिच्या दिराचा मुलगा, 'बघू' म्हणून ठेवून घेतलं. चैत्रात सातवीची परीक्षा होती. पास झाले तर गुरुजी मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घालणार होते, मास्तरीण करणार होते. नाही बसले तर वैशाखात हळद. माझ्यापुढं दोनच दारं होती आणि एकाला कडी लागली.

तो फाल्गुन माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब महिना. घरावर मातीचं धाबं होतं. त्यावर आईनं कुरडया घातल्या आणि मला कावळे हाकायला बसवलं. डोक्यावर पदर, हातात काठी, खाली बसकूर. कडुलिंबाच्या मोहराचा कडूगोड वास यायचा आणि त्यातच कुठून तरी तापल्या डांबराचा. तारेपलीकडं दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. धाब्यावरून फाट्यावरचा पत्रा दिसायचा, पण आमच्या बाजूनं त्याची पाठ. नुसता कोरा, गंजका पत्रा आणि मागं टेकू दिलेली दोन लाकडं. कविता सडकेकडं तोंड करून होती, मोटारीतून जाणाऱ्यांसाठी. मी त्या पाठीकडं बघत बघत ओळी म्हणायची. लक्ष्मी मोकळी वावरे! अगं बाई, लक्ष्मीला धाब्यावरून खाली उतरायची चोरी होती. रडायला यायचं, आणि रडताना बघून कावळे बिनधास्त कुरडया न्यायचे. मग आई खालून ओरडायची, "ध्यान कुठाय तुजं?" आईनं तरी काय करावं? एकदा माझ्या केसांना तेल लावताना हळूच म्हणाली, "माजं बी असंच झालं व्हतं बाई. पन मला साळाच नव्हती, म्हून कळलं न्हाई." तिचे हात तेवढ्यापुरते थांबले आणि पुन्हा वेणी घालायला लागले.

फाल्गुन सरता सरता एका दुपारी गुरुजी सायकल ढकलत दारात आले. चाक पंक्चर. आप्पा ओसरीवर सुतळी वळत होते. गुरुजींनी टोपी काढली, बसले, पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले. "पाटील, मुलगी हुशार आहे. परीक्षेला पाठवा. लोक जे बोलतात ते हिच्याबद्दल नाही हो! फाट्यावरच्या कवितेतली ओळ आहे ती. हिचं नाव योगायोगानं जुळलं."

आप्पांच्या हातातली सुतळी थांबली. "बोर्डावर हाय त्ये?"

"हो, बोर्डावर."

आप्पांनी आत हाक मारली. "लक्षे, भाईर ये. काय हाय बोर्डावर ते समदं म्हन."

मी दाराशी उभी राहिले. पहिली ओळ म्हटली तेव्हा आप्पांनी भुवया चढवल्या, "माळ आळशी? थोरलं वावर आळशी?" असं पुटपुटले. मी तशीच पुढं गेले. शेवटच्या ओळीला, शिकवल्याप्रमाणं, 'येथे'पाशी थांबले. श्वास घेतला. मोकळी वावरे येथे. थांबले. मग म्हटलं, लक्ष्मी, दारिद्र्याला न उरे ठाव.

आप्पा उठून उभे राहिले. "पुन्यांदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा 'येथे'पाशी थांबले.

"व्हय," आप्पा म्हणाले. "खरं लिवलंय. मोकळी वावरं हितं. लक्ष्मीला, दारिद्र्याला, कुनालाच ठाव उरला न्हाई. गुरुजी, सरकारनं हे बोर्डावर लिवलंय? सडकंवर? समद्यांनी वाचावं म्हून?"

मी पंधरा वर्षांत आप्पांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. त्यांना वाटलं, कोणीतरी आमचं दुःख निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत मांडलंय. कोणीतरी कबूल केलंय. मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, आणि समोरचा गुळाचा चहा बशीत ओतून फुर्रकन प्याले. बस.

"जी साळा असं खरं शिकवती," आप्पा म्हणाले, "तितं पोरगी गेली तर काय बिघडत न्हाई. पन न्यायला-आनायला मी येनार. आन् साहेबाम्होरं हीच कविता म्हनायची. वावराची."

गुरुजी निघाले तेव्हा मी सायकलपाशी गेले. ते कुजबुजले, "परीक्षेत मात्र क्रियापद हं, लक्ष्मी. विसरू नकोस." आणि पंक्चर सायकल ढकलत गेले.

पुढचे पंधरा दिवस आप्पा रोज तिन्हीसांजेला म्हणायचे, "म्हन गं ती वावराची." शेजारपाजारचे दोघेतिघे म्हातारे बोलावून आणायचे, त्यांचीही वावरं गेलेली. मी म्हणायची, 'येथे'पाशी थांबायची, आणि म्हातारे मान हलवायचे, "लई ग्वाड लिवलंय. दुखतंय पन ग्वाड." सांगून टाकावं? सांगितलं तर उद्या शाळा बंद. नाही सांगितलं तर रोज त्यांना फसवायचं. घरी शेत, परीक्षेत क्रियापद. एकाच शब्दात मी दोन्ही बाजूंनी अडकले होते आणि तो शब्द दिवसातून चार वेळा माझ्याच तोंडानं म्हणत होते. आत्याच्या स्थळाला आप्पांनी 'परीक्षा झाल्यावर' असा निरोप धाडला होता. म्हणजे ते दार बंद झालेलं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं.

परीक्षा चिंचवडच्या शाळेत. लेखी झाली, मग तोंडी. आप्पांनी त्या दिवशी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं. आत पालकांना मज्जाव, म्हणून ते खिडकीशी उभे राहिले. दोन्ही हातांनी गज धरून. त्या हातांच्या भेगा मला आत बसून दिसत होत्या. तपासणीस साहेब कोट घातलेले, गोरे, घामेजलेले. समोर ताकाचा पेला, त्यावर माशी.

"पाठांतर म्हण."

मी म्हटली. आवाज लागला होता. साहेबांनी डोळे मिटून ऐकली. "वा! अलंकार सांग." मी सांगितले, धडाधड. "चिमणीचा श्लेष?" सांगितला. "आता शेवटच्या ओळीचा अर्थ."

मी खिडकीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. मला तेव्हाही ठाऊक होतं हो, की दोन्ही सांगता येतील. साहेब, चिमणीचे दोन अर्थ होतात, तसे इथंही होतात. एक पुण्याच्या माणसाला दिसतो आणि एक आमच्या माणसाला. सगळं वाक्य मनात तयार होतं. पण बाभळीखालचं हसणं कानात होतं, ट्रेनिंग कॉलेज डोळ्यांपुढं होतं, वैशाखातली हळद पाठीवर होती. मी म्हणाले, "वावरे म्हणजे वावरते. कारखान्यामुळे या भागात लक्ष्मी मोकळेपणाने वावरते, भरभराट झाली आहे, असे कवीला म्हणायचे आहे."

"शाबास!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "सकाळपासून तिघांनी हीच कविता म्हटली आणि तिघांनी मला इथं रिकामी शेतं दाखवली. वावर म्हणे! अडाणी लेकाचे." आणि ते हसले.

साहेब हसले म्हणून मीही हसले.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. उत्तर दिलं त्याचं काही नाही, उत्तर परीक्षेचं होतं. पण ते हसू माझं होतं. ते कोणी मागितलं नव्हतं. हसताना नजर वळली, तर गजांवरचे हात गेले होते.

परवा काय झालं, श्रावणी पुन्हा 'उदाहरण... उदाहरण...' करून अडली आणि माझ्यानं राहवेना. मोरीची खिडकी ढकलली, जाळीला तोंड लावलं आणि खाली ओरडले, "मोकळी वावरे येथे लक्ष्मी! लिहून घे!"

खाली स्टूल सरकल्याचा आवाज. मग, "कोण?"

"वरची आजी गं. घाबरू नकोस."

"आजी, परत सांगा." मी सांगितलं. थोडा वेळ पेन्सिलीचा आवाज. मग ती म्हणाली, "वावरं मोकळी म्हणजे... शेतं रिकामी ना? आमची बीडची आजी शेताला वावरच म्हणते." माझ्या अंगावर काटा आला. तेहतीस वर्षं मी ही ओळ दर वर्षी फळ्यावर लिहिली. पुण्यातली मुलं 'फिरते' म्हणायची. कामाच्या शोधात बीडहून, लातूरहून आलेल्यांची पोरं मागच्या बाकावरून दबकत म्हणायची, "बाई, वावर म्हंजी शेत." मी कधी कोणाला हसू दिलं नाही. एवढं तरी केलं.

"दुसरा अर्थ वावरते, फिरते," मी म्हटलं. श्रावणी विचारात पडली. "आजी, पण कवीच्या मनात दोन्ही अर्थ होते का?"

"नव्हते."

"मग आमच्या बाई मार्क नाही देणार."

"नाही देणार," मी म्हटलं. "पण तू लिही." तेवढ्यात सून आली, "आई, जाळीला तोंड लावून कोणाशी बोलताय?" म्हणून खिडकी लोटून घेतली.

परीक्षेच्या त्या दिवशी चिंचवडहून परतताना ऊन मी म्हणत होतं. दीड कोस वाट. आप्पा पुढं, मी मागं. बाईमाणसानं मागंच चालायचं, ही रीत. सडकेनं जाताना त्यांच्या वहाणांची करकर तेवढी ऐकू यायची. मला वाटलं, आता घरी गेल्यावर आत्याला निरोप जाणार. वाटलं, जाऊ दे, तेच बरं होईल. ज्या हसण्यानं मी पास झाले त्याची तीच शिक्षा.

फाट्यावर आप्पा थांबले. घराची वाट इथून पत्र्याच्या पाठीमागं वळायची, पण ते तिकडं न वळता पुढच्या बाजूला गेले. प्रथमच. अक्षरांसमोर उभे राहिले, कपाळावर हात धरून.

"त्यो शब्द कंचा?"

मी बोट लावलं. पत्रा तापून भाजत होता.

"ही अक्षरं वावराचीच हायेत का न्हाई?"

"व्हय, आप्पा. तीच हायेत."

"आन् तरी त्यात वावर न्हाई."

"न्हाई, आप्पा." मला रडू फुटलं. "मी तुमाला सांगायला पायजे व्हतं. मला पैल्यापासनं म्हाईत व्हतं."

ते माझ्याकडं वळले नाहीत. त्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश, पेरणीआधी माती चाचपतात तसा. मग म्हणाले, "ज्यानं लिवलं, त्याला म्हाईत न्हाई व्हय, वावर म्हंजी काय?" रागानं नाही. खरोखरच्या आश्चर्यानं.

"साहेबानं पास केलं का तुला?"

"केलं."

"मंग त्याचंच खरं ऱ्हाव दे. काय म्हनली तू, लक्ष्मी मोकळी वावरती?"

मी मान हलवली.

आप्पांनी पत्र्यामागं तारेकडं बघितलं. थोरल्या वावरात लोखंडी सांगाडा उभा राहत होता, त्यावर माणसं मुंग्यांएवढी. मग त्यांनी पदराआड लपलेली माझी पाटी माझ्या हातातून काढून घेतली, आपल्या काखेत धरली, आणि सडकेवर बाजूला सरून मला वाट करून दिली.

"वावरं तर गेलीच," ते म्हणाले. "तू तरी वावर. हो फुडं."